उठून उभं राहताना रक्तदाब कोण सांभाळतं?

सकाळी जाग येते, आपण पांघरूण बाजूला सारतो, पाय जमिनीवर टेकवतो आणि उभे राहतो. एवढ्याशा हालचालीत अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून खाली उतरतं आणि पोटाच्या व पायांच्या शिरांमध्ये साठतं. अंगात एकूण रक्त पाच लिटरच्या आसपास, म्हणजे दहातला एक वाटा तरी काही क्षणांत जागा बदलतो. हृदयाकडे परतणारं रक्त कमी झालं की प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही कमी होतं आणि दाब घसरू लागतो. मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर सहा ते आठ सेकंदांत शुद्ध हरपते. तरीही निरोगी माणूस उठतो, चूळ भरतो, चहाचं आधण ठेवतो, आणि आत काय घडून गेलं याची त्याला कल्पनाही नसते. हे न कळता घडणारं काम मज्जासंस्था करते. ती ते कसं करते, हे इथे सावकाश पाहू.

आधी दाबाचं गणित. हृदय मिनिटाला जितकं रक्त बाहेर टाकतं आणि बारीक धमन्या त्या रक्ताला जितका अडथळा करतात, त्या दोहोंच्या गुणाकारातून दाब तयार होतो. विश्रांतीत हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फेकतं. ‘१२०/८०’ या आकड्यांतला वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा दोन ठोक्यांच्या मधला, आणि एकक मिलिमीटर पारा. सरासरी मात्र शंभर येत नाही. हृदय आकुंचनापेक्षा शिथिल अवस्थेत जास्त वेळ असतं, म्हणून खालच्या आकड्यात दोहोंमधल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवतात आणि ९३ येतात. अवयवांना रक्त मिळतं ते या सरासरी दाबावर.

हा दाब पहिल्यांदा मोजला स्टीव्हन हेल्स या इंग्रज धर्मगुरूने. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात एका घोडीच्या धमनीला जोडलेल्या काचेच्या नळीत रक्त आठ फुटांहून वर चढल्याची नोंद आहे. नळीतलं रक्त ठोक्यासरशी वर-खाली होत होतं. रक्तदाब ही स्थिर वस्तू नाही, हे त्या पहिल्याच मोजणीत दिसलं होतं. आज आपण दवाखान्यातून एक आकडा घेऊन येतो आणि तो आपला कायमचा आकडा समजतो, तेव्हा नेमकं हेच विसरतो.

उभं राहिल्यावर उंचीचा प्रश्न येतो. मेंदू हृदयापेक्षा साधारण तीस सेंटीमीटर वर असतो आणि रक्ताला तेवढं वर चढायचं म्हणजे वीस-बावीस मिलिमीटर दाब वाटेतच खर्च होतो. पायांत याच्या उलट: स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरांमध्ये नव्वदच्या आसपास दाब असतो. एकाच नळावर चालणाऱ्या चाळीत तळमजल्यावरच्यांनी तोट्या पूर्ण सोडल्या की तिसऱ्या मजल्यावरचं पाणी बारीक होतं, तसंच इथे आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मेंदूचं पाणी सुरू ठेवायचं, तर खालच्या तोट्या वेळीच आवळायला हव्यात. मग दाब कमी झाला हे कळतं कुणाला, आणि तोट्या आवळतं कोण?

दाब ओळखणारी ठिकाणं मुख्यतः दोन. एक मानेत, जबड्याच्या कोनाखाली, जिथे मेंदूकडे जाणारी मोठी धमनी दुभंगते. तिथे आतल्या शाखेचा सुरुवातीचा भाग जरासा फुगीर असतो, त्याला कॅरोटिड सायनस म्हणतात. दुसरं हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत. दोन्हीकडे धमनीच्या भिंतीच्या बाहेरच्या थरात मज्जातंतूंची बारीक टोकं रुतलेली असतात. त्यांना दाब असा कळत नाही, त्यांना ताण कळतो. दाब वाढला की धमनी फुगते, भिंत ताणली जाते, टोकं ताणली जातात आणि त्यांतून विद्युत संदेश जास्त वेगाने निघतात. दाब उतरला की भिंत सैलावते आणि संदेश विरळ होतात. हा ताण विजेच्या संदेशात बदलणारी प्रथिनं कोणती, हे कळायला मात्र फार काळ लागला. पिएझो-१ आणि पिएझो-२ ही दोन प्रथिनं मिळून हे काम करतात, हे २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं. पिएझो प्रथिनं शोधणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

मानेतल्या या जागेची कथा अधिक जुनी आहे. मानेवर एका विशिष्ट ठिकाणी दाबलं की नाडी मंदावते, हे वैद्यांना एकोणिसाव्या शतकात ठाऊक होतं. पण आपण शेजारून जाणारा व्हेगस हा मज्जातंतूच दाबतो आहोत, असा त्यांचा समज होता. हाइनरिख एवाल्ड हेरिंग याने १९२० च्या दशकात दाखवलं की परिणाम घडतो तो धमनीच्या त्या फुगीर भागामुळे. त्याआधी, १८६६ मध्ये, कार्ल लुडविगच्या प्रयोगशाळेत एली सिऑन याला सशाच्या मानेत असा मज्जातंतू सापडला होता, की जो उद्दीपित केला की रक्तदाब उतरतो. तो महाधमनीकडून मेंदूकडे जाणारा होता. बेल्जियमच्या कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं ते याच दोन जागांवरच्या कामासाठी, जरी पारितोषिकाच्या शब्दांत भर श्वसनाच्या नियंत्रणावर होता. (वाचकांना एक विनंती: मानेतली ही जागा स्वतः दाबून पाहू नका. वय झालेल्यांमध्ये ती फार संवेदनशील असू शकते. काहींना तर घट्ट कॉलर घालून मान वळवली तरी चक्कर येते.)

मानेतले संदेश नवव्या क्रमांकाच्या मस्तिष्क-मज्जातंतूतून आणि महाधमनीकडचे दहाव्या, म्हणजे व्हेगसमधून वर जातात. दोन्ही पोहोचतात मेंदूच्या अगदी खालच्या भागात, लंबमज्जेत. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू जिथे कवटीत शिरतो तिथला हा अंगठ्याएवढा भाग. श्वास, गिळणं, खोकला, उलटी आणि रक्तदाब यांचा कारभार इथून चालतो. विचार, आठवणी, भाषा यांच्याशी याचा थेट संबंध नाही, म्हणूनच गाढ झोपेतही रक्तदाब सांभाळला जातो.

आता इथला एक बारकावा नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी यंत्रणा त्यावर उभी आहे. लंबमज्जेच्या पुढच्या, वरच्या बाजूला चेतापेशींचा एक लहानसा समूह आहे. तो सतत, आपणहून, पाठीच्या कण्यामार्गे सगळ्या शरीरातल्या बारीक धमन्यांना ‘आकुंचन पावा’ असे संदेश पाठवत राहतो. म्हणजे धमन्या एरवीही थोड्या आवळलेल्याच असतात. मानेकडून आणि महाधमनीकडून येणारे संदेश या समूहाला गप्प करण्याचं काम करतात. दाब चांगला असला की तिकडून भरपूर संदेश येतात आणि समूह आवरलेला राहतो. दाब घसरला की ते विरळ होतात, समूहावरचा अटकाव उठतो आणि त्याचे आकुंचनाचे संदेश एकदम वाढतात. दाब पडल्याची बातमी मेंदूला कुणी ओरडून सांगत नाही. नेहमीचे संदेश कमी झाले, यातूनच ती त्याला कळते. मला या रचनेचं फार कौतुक वाटतं. समजा अपघातात संवेदना नेणारा तंतूच तुटला. तरी मेंदू त्याचा अर्थ ‘दाब पडला’ असाच लावतो आणि दाब वर नेतो. मेंदूला रक्त कमी पडण्यापेक्षा थोडा वेळ जास्त दाब परवडला, असा हिशेब उत्क्रांतीने मांडून ठेवला आहे.

धमन्या एरवीही मज्जातंतूंच्या ताब्यात थोड्या आवळलेल्या असतात, हे दाखवणारा प्रयोग क्लोद बर्नार याने पॅरिसमध्ये १८५० च्या सुमारास केला. सशाच्या मानेतला एका बाजूचा अनुकंपी, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत सिम्पथेटिक, मज्जातंतू कापल्यावर त्याच बाजूचा कान लाल आणि गरम झाला. मज्जातंतूची पकड सुटली, रक्तवाहिन्या सैलावल्या आणि कानात रक्त जास्त खेळू लागलं. आज हाच प्रयोग, कापाकापी न करता, रोज हजारो शस्त्रक्रियागृहांत घडतो. सिझेरियनसाठी कण्यात भूल दिली की कमरेखालच्या रक्तवाहिन्यांना जाणारे संदेश थांबतात, त्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. म्हणून भूलतज्ज्ञ सलाईन चालू ठेवतात, रक्तवाहिन्या आवळणारं औषध हाताशी ठेवतात आणि दर एक-दोन मिनिटांनी दाब बघतात. हा भुलेचा दोष नव्हे. मज्जासंस्था एरवी गुपचूप किती काम करत असते, ते त्यावेळी उघड होतं.

लंबमज्जेकडून आदेश दोन वाटांनी निघतात. एक व्हेगसची वाट, थेट हृदयाकडे. दुसरी अनुकंपी मज्जातंतूंची. ती कण्यातून निघून हृदय, धमन्या, शिरा, मूत्रपिंडं आणि अधिवृक्क ग्रंथी यांच्यापर्यंत पसरते. दोघींचा वेग वेगळा, आणि तो वेगळा आहे म्हणूनच उभं राहणं जमतं.

हृदयाला स्वतःची लय असते. कुठलाही मज्जातंतू जोडलेला नसेल तर ते मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देतं. हृदयरोपण झालेल्या माणसाची नाडी विश्रांतीतही ९० ते १०० किंवा जास्त दिसते, कारण नव्या हृदयाला व्हेगस जोडलेला नसतो. आपली नाडी सत्तरच्या घरात असते ती व्हेगसने हृदय सतत आवरून धरल्यामुळे. व्हेगसच्या टोकाशी सुटणारं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. मज्जातंतू रसायनांमार्फत बोलतात, हे १९२१ मध्ये ऑटो लोवी याने दोन बेडकांची हृदयं वापरून याच मज्जातंतूवर सिद्ध केलं. एका हृदयाचा व्हेगस उद्दीपित करून त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर दुसरंही मंदावलं. ॲसिटिलकोलीन क्षणात लागू होतं आणि क्षणात मोडून जातं. म्हणून व्हेगसने हात सैल सोडला की अगदी पुढच्या ठोक्यापासून नाडी वाढू शकते.

अनुकंपी मज्जातंतू नॉरॲड्रेनलिन सोडतात. ते उल्फ फॉन ऑयलर याने १९४६ मध्ये ओळखलं. त्याचा परिणाम सुरू व्हायलाच दोन-तीन सेकंद लागतात, पूर्ण भरात यायला दहा-वीस सेकंद. उतरायलाही वेळ लागतो.

हे लक्षात ठेवून आता अंथरुणातून उठणारा तोच माणूस सेकंदा-सेकंदाने पाहू.

उठायला सुरुवात होताच मांड्यांचे आणि पोटाचे स्नायू आवळतात. त्यांच्यातल्या शिरा पिळल्या जाऊन थोडं रक्त वर ढकललं जातं आणि नाडी लगेच चढते. ही पहिली चढण व्हेगस सैल सोडल्याची. पण काम करणाऱ्या स्नायूंतल्या धमन्या त्याच वेळी रुंदावतात, रक्त खाली उतरत राहतं, आणि अनुकंपी आदेश अजून भरात आलेले नसतात. त्यामुळे दाब घसरतो. साधारण दहाव्या सेकंदाला तो सगळ्यात खाली असतो. वरचा आकडा वीस-तीसनेही उतरलेला असू शकतो. तरुण, धडधाकट माणसालाही झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते ती इथे. उंच आणि सडपातळ मुलामुलींना ती जास्त जाणवते. आईवडील लगेच ‘अशक्तपणा आला’ म्हणून टॉनिक आणतात. बहुतेक वेळा त्याची काही गरज नसते.

दहाव्या सेकंदानंतर बाजी उलटते. बारीक धमन्या आवळू लागतात, आणि त्यांचं आवळणं फार गुणकारी असतं, कारण नळीतला अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या नुसती दहा टक्के कमी झाली तर अडथळा दीडपट होतो, निम्मी झाली तर सोळापट. म्हणून मज्जासंस्थेला धमन्या जराशाच आवळाव्या लागतात. आवळायच्या तरी सगळीकडे सारख्या नाहीत. त्वचा, आतडी, मूत्रपिंडं आणि त्या क्षणी स्वस्थ असलेले स्नायू यांचा पुरवठा कमी केला जातो. मेंदूच्या आणि हृदयाच्या धमन्यांवर या आदेशांचा परिणाम फार थोडा होतो. मेंदू आपल्या धमन्यांची रुंदी बऱ्याच अंशी स्वतःच ठरवतो.

शिरांचं काम मात्र आपण नेहमी विसरतो. अंगातल्या रक्तापैकी जवळजवळ दोन तृतीयांश रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्ये असतं. पोटातल्या अवयवांच्या शिरा तर मोठा साठा बाळगून असतात. अनुकंपी आदेश पोचले की या शिरा आक्रसतात, साठलेलं रक्त हृदयाकडे परत जातं आणि ठोक्यामागे बाहेर पडणारं रक्त पुन्हा वाढतं. विसाव्या सेकंदाच्या सुमारास दाब मूळ पातळीवर आलेला असतो, कधी थोडा वरही गेलेला असतो. मग मानेतली टोकं पुन्हा भराभर संदेश धाडतात, व्हेगस पुन्हा हृदय आवरतो आणि नाडी खाली येते. एडिंबरोचे यूइंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात याच खालीवर होण्यातून एक सोपी तपासणी काढली. उभं राहिल्यानंतर पंधराव्या ठोक्याच्या आसपास नाडी सर्वांत जलद असते आणि तिसाव्याच्या आसपास सर्वांत मंद. निरोगी माणसाच्या ईसीजीच्या पट्टीवर हा फरक स्पष्ट दिसतो. मधुमेहाने हे आपोआप काम करणारे, म्हणजे स्वायत्त, मज्जातंतू खराब झाले असतील तर तो जवळजवळ दिसत नाही. आपल्याकडे मधुमेहाचं प्रमाण पाहता ही तपासणी जास्त व्हायला हवी, असं मला वाटतं. तिला ईसीजीपलीकडे कुठलंही महागडं यंत्र लागत नाही.

एका मिनिटानंतर सगळं स्थिरावतं. झोपलेलं असतानाच्या तुलनेत नाडी दहा-पंधराने जास्त, वरचा आकडा जवळजवळ तोच, खालचा पाच-दहाने वर. दिवसातून कितीतरी वेळा आपण बसतो-उठतो, वाकतो, पाटावर बसून जेवून उठतो, आणि दरवेळी हा सगळा क्रम नव्याने घडतो.

नुसतं स्तब्ध उभं राहणं मात्र या यंत्रणेला चालण्यापेक्षा जड जातं. चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात, शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत, आणि घोट्याजवळचा नव्वदचा दाब तीसच्याही खाली येतो. शाळेच्या झेंडावंदनाला उन्हात ताठ उभी असलेली मुलं कोसळतात त्याचं कारण हेच. पोटऱ्या स्वस्थ, उकाड्याने त्वचेतल्या धमन्या रुंदावलेल्या, घामाने अंगातलं पाणी गेलेलं, आणि अनेकदा पोट रिकामं. अशा वेळी मज्जासंस्था बराच काळ दाब धरून ठेवते आणि मग काहींच्या बाबतीत अचानक उलट वागते: आकुंचनाचे आदेश थांबतात, व्हेगस हृदय एकदम मंदावतो, दाब कोसळतो आणि मूल खाली पडतं. सुई टोचताना किंवा रक्त पाहून येणारी मूर्च्छाही याच जातीची. आडवं झालं की रक्त आपोआप मेंदूकडे वाहतं आणि शुद्ध येते. म्हणून अशा माणसाला उचलून खुर्चीत बसवू नये, चार जणांनी बगलेत धरून उभं करू नये, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. त्याला सपाट झोपवावं, पाय थोडे वर उचलावेत आणि गर्दी हटवावी. रांगेत उभ्या मुलांना मधूनमधून टाचा उचलायला सांगावं, तेवढ्याने पुष्कळ कोसळणं टळेल.

इथवर वाचून असं वाटेल की मज्जासंस्थेचं काम दाब एकाच पातळीवर धरून ठेवण्याचं आहे. व्यायाम सुरू झाला की ते तसं नाही हे कळतं. गड चढणाऱ्या निरोगी माणसाचा वरचा आकडा १६०-१८० पर्यंत सहज जातो, हृदय मिनिटाला पंधरा-वीस लिटर रक्त फेकू लागतं. मानेतल्या टोकांनी तेव्हा दाब खाली ओढायला हवा होता. तसं होत नाही, कारण मेंदू पावलं टाकण्याचा आदेश देतो त्याच वेळी लंबमज्जेला ‘आता पातळी वर’ असंही कळवतो. दाबाभोवतीचं नियंत्रण चालूच राहतं, पण वरच्या पातळीभोवती. त्यात स्नायूही भर घालतात. १९३७ मध्ये कैरोत आलम आणि स्मर्क यांनी व्यायाम करणाऱ्या माणसाच्या हातापायाला पट्टा आवळून तिथलं रक्त अडवलं. व्यायाम थांबला तरी पट्टा असेतोवर दाब चढलेलाच राहिला. स्नायूत साठलेली रसायनं तिथल्या मज्जातंतूंना चेतवत होती आणि ते वर कळवत होते की इथे अजून रक्त हवं आहे.

वजन उचलण्यात हे टोकाला जातं. १९८५ मध्ये कॅनडात तरुण व्यायामपटूंच्या धमनीत नळी घालून मोजलं, तेव्हा पायांनी जड वजन ढकलताना सरासरी ३२०/२५० दाब दिसला. श्वास कोंडून जोर लावल्याने यात मोठी भर पडते. भरलेली बादली, गॅसचं सिलिंडर किंवा जिममधलं वजन उचलताना श्वास सोडत उचलावं, या सल्ल्यामागे हे कारण आहे.

झोपेत उलट होतं. अनुकंपी आदेश मंदावतात आणि दाब दिवसापेक्षा दहा ते वीस टक्के उतरतो. पहाटे, जाग यायच्या सुमारास, तो पुन्हा चढू लागतो. श्वासाबरोबरही नाडी बदलते: आत घेताना थोडी जलद, सोडताना मंद. तरुण माणसात हा फरक जास्त असणं हे निरोगी व्हेगसचं लक्षण आहे, दोष नव्हे. इटलीच्या बर्नार्दी यांनी २००१ मध्ये दाखवलं की जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि त्या गतीला दाब सांभाळणारी ही प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तल्लख होते. आपल्याकडे लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसनांचा रक्तदाबावर काय परिणाम होतो, हे यंत्राने मोजायला घेतलं. परंपरेतल्या दाव्यांची मोजणी करून पाहण्याची ही वृत्ती मला आजच्या कितीतरी योगवर्गांपेक्षा जास्त मोलाची वाटते. संथ श्वसन जरूर करावं. त्याच्या भरवशावर चालू गोळी मात्र बंद करू नये.

आता या नियंत्रणाची मर्यादा. मज्जातंतूंचं हे नियंत्रण एवढं तत्पर आहे, तर लाखो लोकांना उच्च रक्तदाब होतोच कसा? अमेरिकेत काउली, लियार्ड आणि गायटन यांनी १९७३ मध्ये कुत्र्यांच्या मानेतले आणि महाधमनीकडचे हे संवेदक तंतू कापले आणि दिवसरात्र दाब नोंदवला. सरासरी दाब जवळपास पूर्वीइतकाच राहिला. पण तो भयंकर हेलकावे खाऊ लागला: उभं राहिल्यावर, खाताना, दचकल्यावर कधी फार वर, कधी फार खाली. म्हणजे हे तंतू क्षणाक्षणाचे चढउतार सावरतात. सरासरी कुठे असावी, हे दीर्घकाळ मुख्यतः मूत्रपिंडं ठरवतात, किती मीठ आणि पाणी ठेवायचं आणि किती सोडायचं यावरून. दाब काही दिवस सतत चढलेला राहिला की मानेतली टोकं त्या नव्या पातळीलाच रोजची पातळी मानू लागतात आणि तक्रार करायची थांबतात. या दोन कामांची वाटणी अगदी काटेकोर नाही. मूत्रपिंडांनाही अनुकंपी मज्जातंतू जातात, आणि दीर्घकाळच्या दाबात त्यांचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत.

‘टेन्शनमुळे बीपी झालं’ हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे. भांडणात, परीक्षेत, डॉक्टरांच्या खोलीत दाब चढतो तो अनुकंपी मज्जातंतूंमुळे, आणि निरोगी माणसाचा तो उतरतोही. स्वस्थ बसून, वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो वरच राहत असेल तर तो रागाचा किंवा चिंतेचा तात्पुरता परिणाम समजून सोडून देऊ नये.

मोजताना एवढं पाळा. चहा, सिगारेट आणि व्यायाम यांनंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसा, पायावर पाय टाकू नका. हात टेबलावर हृदयाच्या पातळीला ठेवा. हात खाली लोंबत असेल तर आकडा दहाच्या आसपास जास्त येऊ शकतो. पट्टा फुगत असताना बोलू नका. घरात साठीपुढची कुणी व्यक्ती असेल, मधुमेह असेल किंवा दाबाच्या गोळ्या चालू असतील, तर पाच मिनिटं आडवं पडल्यावर एकदा, आणि उभं राहिल्यावर एका मिनिटाने व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा अंकांनी उतरत असेल, तर ते कागदावर वेळेसह लिहून डॉक्टरांना दाखवा. म्हाताऱ्या माणसांचं पहाटे संडासाला जाताना पडणं यातून पुष्कळदा टाळता येतं. त्यांना उठल्या उठल्या आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसायला सांगा, पाऊल नंतर.